तिसऱ्या टाकीचा निवाडा

या पोरीला बीअर पिता येत नाही. बनवता येते म्हणतात, पण पिता येत नाही, हे भामाकाकीचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं आहे. पिण्याची एक रीत असते. पेला उचलावा, तोंडाला लावावा, घोट घ्यावा आणि वर 'हं' म्हणावं, नाहीतर शिवी द्यावी. निमिषा यातलं काही करत नाही. ती आधी पेला उजेडाकडे धरून न्याहाळते, स्थळ बघायला आल्यासारखी. मग तो गोल गोल फिरवते. मग त्यात नाक घालते. मग चिमणीएवढा घोट घेऊन तोंडातल्या तोंडात खळखळवते आणि डोळे मिटून म्हणते, "केळं लागतंय. आणि मागे लवंग."

"बीअर असा काय शिकरण?" भामाकाकीने एकदा विचारलं होतं.

बरं, एवढी नाटकं करून, वहीत दोन पानं लिहून झाल्यावर ही पोरगी पेला शेवटी कोणापुढे धरते? आजीपुढे, म्हणजे भामाकाकीपुढेच. "आजी, तू सांग." आणि आजीने तोंड वाकडं केलं की अख्खी टाकी नाल्यात. दोन वेळा झालं हे. पाचशे लिटर, पुन्हा पाचशे लिटर. नाल्यातल्या बेडकांनी तीन दिवस आवाज काढला नाही. म्हातारीच्या एका शब्दावर आपली मेहनत कोणी अशी ओतून देतं का? भामाकाकीला या गोष्टीचा राग येतो, आणि तो राग निमिषाचा जेवढा, त्याहून जरा जास्त स्वतःचा आहे. ते मात्र ती कोणाला सांगत नाही.

भामाकाकी म्हणजे सत्यभामा लवू आरोलकर. शाळा दुसरीपर्यंत. नवरा लवू माडावर चढायचा, माडी काढायचा, आणि ही खाली दुकानात बसून विकायची. पंचक्रोशीत तिच्या जिभेचा दरारा होता. एक घोट घेऊन ती सांगायची, ही विहिरीकडच्या कुबड्या माडाची, ही खाडीच्या कडेची, हिच्यात मीठ आहे. गावच्या टवाळांनी एकदा दोन माडांची माडी एकत्र करून तिच्यापुढे ठेवली. तिने दोन्ही माडांची नावं सांगितली, आणि वरून मिसळणाऱ्याचंही सांगितलं, कारण त्याने तंबाखूच्या हाताने मडकं धरलं होतं.

अशी ती जीभ. लवू गेल्याला चौदा वर्षं झाली, दुकान तेव्हाच बंद पडलं, पण जिभेचं नाव राहिलं. नात पुण्याची नोकरी सोडून गावी आली, काथ्याच्या जुन्या गोदामात तिने स्टीलच्या टाक्या बसवल्या, तेव्हा तिने सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं, "मशीन बाहेरून आणलंय, पण चाखणारी घरचीच आहे."

आणि शिमग्यात भामाकाकीला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. पेज करपली तरी कळलं नाही. बांगडा ताजा की शिळा हे ती आता कल्ला उघडून रंगावरून ठरवते. तोंडात खारट, आंबट, गोड एवढंच कळतं, तेही लांबून कोणीतरी ओरडून सांगितल्यासारखं. पहिल्या टाकीचा पेला समोर आला तेव्हा तिला काही म्हणजे काही लागलं नाही. 'चांगली' म्हणावं, तर उद्या लोक थुंकले की नातीचं नाव जाणार. 'वाईट' म्हटलं की कोणी उलट विचारत नाही. म्हणून ती म्हणाली, "फिकी."

दुसऱ्या टाकीलाही तेच म्हणाली.

आज जेवताना निमिषा भातात बोट फिरवत बसली होती. तिसरी टाकी तयार आहे. ही तिने माडीच्या विरजणावर लावली आहे, आजोबांच्या माडांतला एक अजून उभा आहे त्याची माडी काढून. उद्या सकाळी गोव्याला जाणारी गाडी येणार. तिथे चार दिवस बीअर चाखणाऱ्यांचा मेळावा आहे, लांबून लांबून माणसं येतात.

"आजी, चार वाजता पेला आणते तुझ्याकडे," ती म्हणाली. "हीसुद्धा नाही म्हणालीस ना, तर मी थांबते. खरंच. टाक्या विकते आणि पुण्याला परत जाते. मला जमत नाहीये हे, असं समजते."

"जेव आधी," भामाकाकी म्हणाली, आणि स्वतः अर्ध्या ताटावरून उठली.

आता ती पडवीत पडली आहे. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची. वर पंखा टक, टक, टक करतोय. शेजारणीच्या रेडिओवर कोणीतरी भाताच्या रोगावर बोलतोय, त्याचा आवाज हळूहळू पाण्याखाली जातो. टक, टक, टक. भामाकाकी पंख्याकडे बघते. पंखा थांबलेला आहे. टकटक चालूच आहे.

ही टकटक पंख्याची नाही. ही पोय ठोकण्याची आहे. माडाला फुटलेली पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, अशीच ठोकतात, पाठीवर थोपटल्यासारखी, जोरात नाही, नाहीतर रस रुसतो. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ ऐकलेला आवाज आहे तो. ती वर बघते. कौलं नाहीत. झावळ्या आहेत, आणि झावळ्यांत लवू बसला आहे, कमरेला कोयती, डोक्याला फडकं.

"काय गे, निजलंस?"

"निजाक नाय. डोळे मिटून पडलंय."

"मगे वर ये."

"ह्या वयात?"

"हय वय खय असा?" लवू म्हणतो.

ती चढत नाही, पण वर पोचलेली असते. पायाखाली खोड नाही, गोदामातली गुळगुळीत काळी फरशी आहे. माडाचा शेंडा एवढा रुंद असतो हे तिला ठाऊक नव्हतं. मध्ये निमिषाचं काउंटर, त्यावर ओळीने सहा नळ, आणि काउंटरच्या मागे लवू. उघडाच. कोयती काढून त्याने नळांच्या शेजारी ठेवली आहे. बाकांवर पुण्याची माणसं बसली आहेत, मागच्या महिन्यात वह्या घेऊन टाक्या बघायला आली होती तीच. त्यांचे पाय खाली नारळांच्या घडांत लोंबकळतायत, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

लवू एक नळ ओढून बघतो, सोडतो, पुन्हा ओढतो. "बरा असा ह्या. चढाक नको, उतराक नको. हात लावलो की पान्हो फुटता."

"आपल्या चेडवान, निमिषान केलाहा सगळा," भामाकाकी म्हणते. तिची मान आपोआप ताठ होते. "एकटीन. तुमच्या झिलान, तेच्या बापाशीन, तर खिळो मारूक नाय."

"म्हायत असा. वरसून दिसता."

तो लाकडी फळीवर चार छोटे पेले मांडतो, निमिषा मांडते तसेच, आणि फळी तिच्यापुढे सरकवतो. "घे. सांग."

भामाकाकी पहिला पेला उचलते. घोट जिभेवर पडतो आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण लागतंय. सगळं लागतंय. "कुबडो माड," ती म्हणते. "विहिरीकडचो. आदल्या दिवशी कोणीतरी त्याच्या बुंध्यात राख टाकलीहा." दुसरा पेला. "खाडीकडचो. दक्षिणेकडची पोय." तिसरा. "हो माड आपलो नाय. मयेकरांच्या कुंपणातलो. कधी चोरल्यात?"

बाकांवरची माणसं वह्यांत लिहून घेतात. लवू हसतो. चौथ्या पेल्यात माडी नाही. रंग उकड्या तांदळाच्या पेजेवरच्या निवळीसारखा, वर बोटभर फेस, आणि तो फेस बसत नाही. ती घोट घेते. आधी भाजलेल्या लाल तांदळाचा खरपूसपणा. मग आंबट, पण आमसुलासारखं दातांत घुसणारं नाही, कैरीच्या सालीसारखं. आणि अगदी शेवटी, गिळल्यावर, माडी. जिवंत, सकाळची, मडक्याच्या काठावरची माडी. तिचा ऊर भरून येतो. तिने आयुष्यभरात हजार मडकी चाखली, पण असं काही तिच्या तोंडात आलं नव्हतं, आणि हे तिच्या नातीने केलं आहे.

"ही तिसरी टाकी," ती म्हणते.

"होय."

"मगे झाला काम! जातंय, सांगतंय तेका!"

"थांब." लवू पेला तिच्या हातातून काढून घेतो. "हय लागता ता थय सांगू नको. स्वप्नातल्या चवीवर टाकी पाठवतलंस? तुझ्यासारख्या बाईन?"

बाकांवरची माणसं उठून गेली आहेत. काउंटर नाही. ते दोघं जुन्या दुकानाच्या उंबऱ्यावर बसले आहेत, समोर अंगण, अंगणात सकाळचं ऊन. लवूने पाय पसरले आहेत. त्याच्या तळव्यांना चिरा, जाड, खोडाच्या सालीसारख्या.

"माका वास येत नाय," भामाकाकी म्हणते. जिवंत माणसांपैकी कोणालाच तिने हे सांगितलेलं नाही.

"होय."

"तुमका कोणी सांगल्यान?"

"माका कोण सांगतलो? माझा पण तसाच झाल्ला." तो अंगणाकडे बघतो. "शेवटची दोन वर्षां. मोतीबिंदू. वर चढायचंय तेवा पोय दिसत नव्हती. हातान चाचपून कापायचंय."

"माका म्हायत होता."

लवू तिच्याकडे वळतो. "कसा?"

"सकाळी माझ्याकडे बघून हसाक लागल्यात. लगीन झाल्यापासून कधी हसल्यात नाय. मी समाजलंय, ह्यांका माझा तोंड दिसत नाय."

लवू एवढ्या जोरात हसतो की वरून एक झावळी पडते. ती जमिनीला लागत नाही, मध्येच कुठेतरी राहते.

"म्हणान मगे मी प्रत्येक माडाक सुंभ बांधलंय," भामाकाकी म्हणते. "जय वळण असा थय एक गाठ. जय पायाक खोबणी नाय थय दोन."

"ते गाठी तू बांधल्लंस?" लवू हसायचा थांबतो. "माका वाटला, माझ्या पायांकाच अक्कल इली."

"तुमच्या पायांका! अक्कल!" ती फणकारते, पण तिचा हात त्याच्या गुडघ्यावर जाऊन बसलेला असतो. दोन वर्षं तो आंधळा चढला, दोन वर्षं ती पहाटे उठून गाठी तपासत राहिली, आणि दोघांनी एकमेकांना अवाक्षर सांगितलं नाही. एकदाही तो घसरला नाही. मेला तो आपल्या अंथरुणात, तापाने. याचा तिला अजून अभिमान वाटतो, की आमच्या घरचा माणूस माडावरून पडला नाही.

"पण भामा," लवू म्हणतो. जिवंतपणी त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. "माका दिसत नव्हता, म्हणान मी माडाक नावां ठेवलंय नाय."

ती त्याच्या गुडघ्यावरचा हात काढून घेते.

"हो माड वाकडो, तो माड किडको, असा म्हणान सुटलंय असतंय. कोण इचारणार होता माका? माझो शब्द होतो. पण माड बरे होते. ते उभे होते आपल्या जाग्यार. दिसत माका नव्हता."

अंगणातलं ऊन जरा सरकतं. भामाकाकीला वाटतं, याला कोयतीच्या मुठीने एक टोला द्यावा. नवऱ्याचं म्हणणं बरोबर निघणं हे तिला जिवंतपणीही चालत नसे.

"दोन टाक्ये मी बुडवलंय," ती शेवटी म्हणते.

"होय."

"चांगल्यो असत्यो त्यो."

"असत्यो, नायतर नसत्यो. आता बेडकांक इचार."

"आणि आता सांगू कसा? तेका वाटता, आजी म्हणजे जीभ. जीभ गेली तर मी कोण?"

लवू उठून आत जातो आणि मडकं घेऊन येतो, काळं, गळ्याशी सुंभ गुंडाळलेलं, आणि तिच्या मांडीवर ठेवतो. "तू नवी इल्लंस तेवा तुका चाखाक देत नव्हते. सुनेन तोंडाक लावूची नाय, माझ्या आवशीची, तुझ्या सासूची रीत. तीन वर्षां. मगे तू माडी वळखाक शिकलंस कशी?"

भामाकाकी वाकते. उजवा कान मडक्याच्या तोंडाला लावते.

आवाज येतो. तिला तो सगळा आठवतो, तोंडाला माडी लागायच्या आधीचा. सकाळची माडी बोलते, मोहरी तडतडल्यासारखी, घाईघाईने. दुपारची कुजबुजते. संध्याकाळची नुसता श्वास घेते. आणि बिघडलेली असेल तर मध्येच गप्प होते, मग एकदम फसकन बोलते, खोटं सांगणाऱ्या माणसासारखी. या मडक्यातली कुजबुजतेय. सारखी, न अडखळता. त्या कुजबुजीत मध्येच नारळ पडल्याचा आवाज येतो, मग समुद्राचा, मग कोणीतरी खूप लांबून हाक मारतंय.

"बघ," लवू म्हणतो. तो आता पुन्हा वर आहे, झावळ्यांत, आणि दिसत नाही, नुसता आवाज. "माका सांगाक लागला नाय, कारण तू माझ्याकडे बघायचंस. ता चेडू पेल्यात बघता. तुझ्या तोंडाकडे नाय बघणा. तेका तुकाच सांगूक होया."

"तुमी खय चाललात? थांबा वायच."

"माका अजून दोन माड करूचे असत."

"आजी."

टक, टक, टक. पंखा फिरतोय.

"आजी, चार वाजले."

भामाकाकी डोळे उघडते. कौलं जागेवर आहेत. रेडिओवर आता गाणी लागली आहेत. निमिषा खाटेशी उभी आहे, हातात पेला, कपाळाला घाम. ती आजीकडे बघते आणि थबकते.

"हे काय लागलंय तुझ्या कानाला?"

भामाकाकी हात नेते. उजव्या कानाभोवती ओलं कडं आहे. गोल, मडक्याच्या तोंडाएवढं, गालापासून केसांपर्यंत. बोट लावते तर चिकट, आणि बोटावर पांढरा फेस. बारीक बुडबुडे अजून फुटतायत. ती बोट नाकाशी नेते. जोरात हुंगते. काही नाही. पंख्याच्या वाऱ्याइतकंसुद्धा नाही.

निमिषा तिचं बोट आपल्या नाकाशी धरते. "माडी?" ती म्हणते. "ताजी आहे. कुठून आली?"

"होय, माडी," भामाकाकी म्हणते. "तुका वास येता. माका येत नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाय. शिमग्यापासून. तापात गेलो तो इलो नाय."

निमिषाला कळायला वेळ लागतो. मग कळतं, आणि तिचा चेहरा पांढरा होतो, मग लाल. "पण आजी, तू म्हणालीस, फिकी. दोन वेळा म्हणालीस. मी ओतून दिलं सगळं! मी दोन रात्री रडले!"

"म्हायत असा. भिंत पातळ असा आपली."

"मग का..." निमिषा मनगटाने डोळे पुसते. "का नाही सांगितलंस?"

भामाकाकी खाटेवर उठून बसते. पदर सारखा करते. पाय जमिनीवर ठेवते, दोन्ही, नीट. निमिषाच्या हातातला पेला घेते आणि तोंडाला न लावता उजव्या कानाशी धरते. पोरगी रडता रडता बघत राहते. फेस बसत नाही. आत कुजबुज आहे, सारखी, न अडखळता. बराच वेळ ती तशीच बसते. मग पेला परत निमिषाच्या हातात देते आणि तिच्या तोंडाकडे बघून, पडवीपलीकडच्या शेजारणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते:

"आईक. दोन टाक्ये मी बुडवलंय, खोटा बोलान. ता तुझ्या वहीत लिही, माझ्या नावानिशी लिही. आणि तू त्यो माझ्या एका शब्दार ओतलंस, ती तुझी चूक, ती पण लिही. ह्या पेल्यातली जिवंत असा आणि शांत असा, खोटा बोलणा नाय, एवढा माझो कान सांगता. पुढचा तुझ्या जिभेन सांगूचा. चिमणीसारखी पिव नको, भरून घोट घे, आणि बरी लागली तर उद्याच्या गाडीत चढव. माका इचारूची नाय. आरोलकरांच्या घरात आता चाखणारी तू. आणि थय गोव्यात कोणी तुझ्या बीअरीक नावां ठेवल्यान, तर मातर माका बोलव. नाक गेला माझा, तोंड शाबूत असा."